डायनरमधला नाश्ता: आईला काय मागवावे?

कृष्णाकाठ:
आम्ही पेन्सिल्वेनियातल्या एका लहान गावात राहतो. गावात एकच डायनर, म्हणजे अमेरिकी धाटणीचे साधे खाण्याचे ठिकाण, आहे. रेल्वेच्या डब्यासारखी लांबट इमारत, काउंटरपुढे फिरत्या स्टुलांची रांग आणि खिडक्यांना लागून बाकडी, एवढाच त्याचा थाट. गेली तीन वर्षे दर शनिवारी मी तिथे नाश्ता करतो, आणि या परक्या मुलखात मला सर्वांत आधी आपलेसे करणारी जागा तीच आहे. पुढच्या महिन्यात आई-बाबा साताऱ्याहून येत आहेत आणि त्यांना तिथे न्यावे अशी माझी फार इच्छा आहे. बाबा अंडी खातात, पण आईला मांसही चालत नाही आणि अंडेही. मेन्यूवर तर बेकन, सॉसेज आणि स्क्रॅपल (डुकराचे मांस आणि मक्याचे पीठ यांची तळलेली वडी) यांचीच गर्दी आहे. आम्ही ताटे भरून खात असताना तिला नुसत्या टोस्टवर बसवणे मला बरे वाटत नाही. तिच्यासाठी काय मागवावे, आणि तव्याविषयी विचारले तर ती माणसे दुखावतील का?

रानजाई:
आधी काय टाळायचे ते सांगते. पॅनकेक घावनासारखा दिसतो म्हणून आपली माणसे तो निर्धास्तपणे मागवतात, पण त्यात बहुधा अंडे असतेच. वॉफल आणि फ्रेंच टोस्ट यांचेही तेच. इथले बिस्किट म्हणजे मऊ, पावासारखा प्रकार; त्यात डुकराची चरबी असू शकते आणि त्यावर ओततात ती पांढरी ग्रेव्ही सहसा सॉसेजची असते. आईंना ओटमील चालेल. होम फ्राइज, म्हणजे कांद्याबरोबर परतलेल्या बटाट्याच्या फोडी, तर आवडतीलच, मात्र त्या कशात परततात ते विचारून घ्यावे.

तुमच्याकडे ग्रिट्स मिळत असतील तर त्या अवश्य मागवा. हा पदार्थ मुख्यतः दक्षिणेकडचा, पण आहेत त्या शेवटी मक्याच्या कण्याच. जॉर्जियात माझ्या सासूबाईंनी पहिला घास घेतला, क्षणभर थांबल्या आणि सोबत ताक मिळेल का, असे विचारले. त्यांच्या माहेरी सकाळी ज्वारीच्या कण्या असत. ताक मिळाले नाही, तरी लोणी आणि मिरपूड घालून त्यांनी वाडगा संपवला.

उलथणे:
विद्यार्थी असताना मी दोन वर्षे ओहायोतल्या एका डायनरच्या स्वयंपाकघरात काम केले आहे, त्यामुळे तव्याविषयी खात्रीने सांगू शकतो. तो पोलादाचा एकच सपाट पत्रा असतो. एका टोकाला बेकन, मध्ये अंडी आणि दुसऱ्या टोकाला बटाटे, अशी आमची मांडणी असे. बेकनची चरबी सुटली की ती पत्र्यावर पसरते आणि आम्ही ती पातीने ओढून पुढच्या चरात लोटत असू, पण गर्दीच्या वेळी तीच पाती बटाट्यांतूनही फिरते. काही ठिकाणी तर चव यावी म्हणून बटाटे मुद्दाम बेकनच्या चरबीतच परततात. म्हणून ‘यात मांस आहे का?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘कशात परतता?’ आणि ‘वेगळ्या तव्यात कराल का?’ हे दोन्ही प्रश्न विचारा.

कोणीही दुखावणार नाही, फक्त वेळ पाहून जा. रविवारी चर्च सुटल्यानंतर स्वयंपाक्याला मान वर करायला फुरसत नसते. मंगळवारी सकाळी सातला मात्र तो तुमचे सगळे नीट ऐकून घेईल. आणि कृपया ‘अॅलर्जी आहे’ असे खोटे सांगू नका. तसे सांगितले की हातातले काम थांबवून सगळे घासून घ्यावे लागते. आई मांस आणि अंडी खात नाहीत, एवढे खरे कारण पुरेसे आहे.

सुपारीचे खांड:
टिपेत हात आखडता घेऊ नका. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचा किमान रोख पगार केंद्रीय कायद्यानुसार १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरच आहे. बाबांना त्या इमारतीची गोष्टही सांगा. १८७२ साली ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सला वॉल्टर स्कॉट नावाचा माणूस घोडागाडीतून रात्रपाळीच्या लोकांना खाणे विकू लागला; पुढे कारखान्यात तयार झालेले अख्खे डायनर गावोगावी नेऊन बसवू लागले. डब्यासारखा तो आकार तिथूनच आला आहे.

कृष्णाकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. आज मुद्दाम लवकर जाऊन विचारले. होम फ्राइज तिथे खरोखरच बेकनच्या चरबीत परततात, आणि मी तीन वर्षे ते खात आलो आहे. वाढणाऱ्या बाईंनी स्वयंपाक्याला बाहेर बोलावले. त्याने भिंतीवरचा लहान बिडाचा तवा काढून दाखवला आणि निघण्याआधी फोन करा, म्हणजे यात तेलावर बटाटे परतून ठेवतो, असे सांगितले. मी दारापर्यंत पोहोचलो तेव्हा त्याने मागून हाक मारली आणि आईंना बटाट्यात हिरवी मिरची चालेल का, असे विचारले.