सोसायटीच्या लॉनवर पांढऱ्या छत्र्या उगवल्यात, अळंबी की दुसरं काही?

बाल्कनीबाग_ठाणे
आमची सोसायटी कोलशेत रोडला. सलग पाऊस झाला आणि लॉनवर गोल रिंगण करून पांढऱ्या छत्र्या उगवल्या. सगळ्यात मोठी नाश्त्याच्या ताटलीएवढी. मधोमध तपकिरी टिक्का, भोवती तपकिरी खवले. दांड्याला कडं आहे, बोटाने वरखाली सरकतं. टोपीखालच्या पातळ पात्या, म्हणजे गिल्स, पांढऱ्या. अ‍ॅपला फोटो दाखवला तर सकाळी एक नाव, संध्याकाळी दुसरं.

आमच्या मजल्यावरचे काका मूळचे कुडाळचे. त्यांचं म्हणणं, ही अळंबीच, आमच्याकडे आषाढ-श्रावणात करतात. पिशवी घेऊन खाली उतरायच्या बेतात आहेत. समोरच्या काकू म्हणतात, किडे लागलेत म्हणजे विषारी नाही. मला खायची नाहीये, पण काकांना अडवायचं तर सांगू काय? आणि एरवीही ही ओळखायची कशी? पक्षी ओळखायला शिकले, तेव्हा एवढा त्रास झाला नव्हता.

उपवनकाठ
नादी लागू नका. बाजारात बटण मशरूम मिळतं, काकांना ते आणून द्या. आणि काढायला लावलंत तर माळ्याला हातमोजे द्या, विष हाताला लागतं.

पारसिक_पावसाळी
आधी काकांची पिशवी घरी पाठवा, नावाचं मग बघू.

मी पेशाने बँकेतला, राहायला कळव्यात. पावसाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी पारसिकच्या डोंगरावर नाहीतर येऊरला भिंग घेऊन ओणवा झालेला असतो. येणारेजाणारे विचारतात, काका, काय हरवलं? तेव्हा पुढचं सगळं पुस्तकातलं कमी आणि चिखलातलं जास्त आहे.

वर्णनावरून दाट संशय क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस या लॉनवरच्या विषारी छत्रीचा. लॉन, रिंगण, खवले, सरकणारं कडं, सगळं जुळतंय. गिल्स पांढऱ्या आहेत म्हणून निर्धास्त होऊ नका. कोवळेपणी त्या पांढऱ्याच असतात, बीजाणू पिकले की मळकट हिरव्या होतात. खाल्ली तर बहुधा एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब, आणि ते ओवा-लिंबूपाण्यावर थांबणारे नव्हेत.

पण संशय म्हणजे ओळख नव्हे. आज रात्री एक काम करा. पूर्ण उघडलेली एक छत्री घ्या, दांडा कापून टाका. अर्धा काळा, अर्धा पांढरा असा कागद ठेवून त्यावर गिल्सची बाजू खाली करून टोपी पालथी घाला, वर स्टीलची वाटी झाका. पंखा लागू देऊ नका. सकाळपर्यंत बीजाणू गळून गिल्सची नक्षी कागदावर उमटते. दोन रंगांचा कागद अशासाठी की पांढरी पूड पांढऱ्यावर दिसत नाही. हिरवट पूड पडली तर विषय संपला. गुलाबीसर पडली तर काकांच्या अळंबीची शक्यता उरते. अमानिता नावाच्या कुळातल्यांची पांढरी पडते, अगॅरिकसची (बटण मशरूम यातलंच) चॉकलेटी. वरून जुळ्या बहिणी वाटणाऱ्या छत्र्या इथे वेगळ्या होतात.

आता पक्ष्यांचं. भारद्वाज सकाळी बघा, संध्याकाळी बघा, भारद्वाजच असतो. ही छत्री आज अंडं असते, उद्या घंटेसारखी, परवा सपाट, आणि एक जोराची सर आली की खवलेच धुऊन जातात. अ‍ॅपला तुम्ही वरून काढलेला फोटो दिलात, त्याने उत्तरही वरवरचं दिलं. त्याचा दोष नाही. फोटो काढायचेच तर वरून, खालून, उभा चिरून, आणि बुंध्यासकट. बुंध्याचं तर मी परत परत सांगत असतो. वरून खुडलीत तर निम्मी ओळख मातीत राहते. अमानिताच्या कितीतरी जातींत दांड्याच्या बुडाशी पातळ पांढरी पिशवी असते, मातीत बुडालेली. जगातली काही सगळ्यात जीवघेणी अळंबी याच कुळातली. म्हणून सुरीने बाजूची माती उकरून अख्खी उचलायची. आणि कोणत्या झाडाखाली होती, लाकडावर की मातीवर, हे तिथेच लिहून ठेवायचं, घरी आल्यावर आठवत नाही. आणताना प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम सुटून तासाभरात चिखल होतो. कागदाची पुडी बरी.

काकूंचं किड्यांचं शास्त्र बाद. गोगलगाय जे मजेत खाते ते माणसाला मारू शकतं. चांदीचा चमचा काळा पडणं, सोबत लसूण टाकणं, सगळं त्याच पंगतीतलं. अमानितातलं अमाटॉक्सिन उकळून जात नाही, तळून जात नाही. त्याचा त्रास साधारण सहा तासांनी किंवा त्याहून उशिरा सुरू होतो, मध्ये बरं वाटल्यासारखं होतं, आणि तोवर यकृत पोखरलं जात असतं. यात माणूस फसतो तो त्या बरं वाटण्याने.

@उपवनकाठ, हात लावून विषबाधा होत नाही हो. खाल्ल्याने होते. माळ्याला घाबरवू नका. लहान मुलं आणि कुत्री मात्र तोंडात घालतात, म्हणून काढून टाकणं बरोबर.

येऊरला मात्र काही उपटायचं नाही. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथे छत्रीही जंगलाचीच. मी पावडरच्या डबीतला छोटा आरसा ठेवतो. तो टोपीखाली सरकवला की गिल्स दिसतात, त्या दांड्याला चिकटल्यात की सुट्या आहेत तेही कळतं. तेवढ्यावर प्रजातीचं नाव बहुतेक वेळा लागत नाही. न लागू दे. आपल्याकडच्या कितीतरी अळंब्यांना युरोपातल्या पुस्तकातली नावं चिकटवलेली आहेत आणि डीएनए तपासला की ती सुटतात. वहीत नुसतं ‘अमानिता, बहुधा’ लिहून घरी येणारा माणूस मला ठाम नाव सांगणाऱ्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

सीवूड्सची_मालवणी
तुमचं सगळं खरं, पण काकांना एवढं वेड्यात काढू नका. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या खातोय. माझी आई टोपीकडे बघायचीच नाही. तिचा पहिला प्रश्न, “खयची आसा ती आधी सांग.” ठरलेली वारुळं होती, तिथलीच आणायची. रस्त्यावर कोणी स्वस्तात दिली तरी घेत नसे.

पारसिक_पावसाळी
ताई, काकांना मी वेड्यात काढत नाही. उलट तुमच्या आईने लाख मोलाचं सांगितलं. ती अळंबी म्हणजे टर्मिटोमायसिस. वाळवी वारुळात जी बुरशी पोसते, तिचंच ते फळ. म्हणून दांडा खाली मुळासारखा लांबत थेट वाळवीच्या घरापर्यंत जातो आणि टोपीच्या मधोमध टोकदार उंचवटा असतो. आईला वारूळ माहीत होतं म्हणजे निम्मी ओळख पायवाटेवरच झाली होती. काकांचं ज्ञानही तसंच, अस्सल आहे, पण ते कुडाळच्या वारुळांचं. कोलशेतच्या लॉनवर माती ट्रकने आली, गवताचे गालिचे नर्सरीतून आले, त्यांच्यासोबत काय आलं कोणास ठाऊक. तिथे आईचा प्रश्न विचारला तर उत्तर काय येणार?

लॉनखाली वाळवी असूच शकत नाही असं नाही. म्हणून उकरून बघा. मूळ नाही, उंचवटा नाही आणि कडं सरकतंय, मग काकांना फार समजवावं लागणार नाही.

रात्रपाळी_वाशी
कॅज्युअल्टीत काम करते, म्हणून एवढंच. कोणी खाल्लीच तर त्रास सुरू व्हायची वाट न बघता दवाखान्यात या. उरलेली अळंबी, शिजवलेली असली तरी, डब्यात घालून आणा आणि किती वाजता खाल्ली ते नक्की सांगा. उशिरा सुरू झालेल्या उलट्या आम्हाला जास्त घाबरवतात. ज्यांनी ज्यांनी एकत्र खाल्लं त्या सगळ्यांना आणा, बरं वाटत असलं तरी.

बाल्कनीबाग_ठाणे
वाटी उचलली. पांढऱ्या अर्ध्यावर शेवाळी रंगाची रेघांची चकती स्पष्ट उमटलीये. काकांना बोलावून दाखवली. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितली, बोट फिरवून वास घेतला आणि म्हणाले, “आमच्या अळंबीचा असा पडत नाही.” लगेच गावी फोन लावून भावाला विचारलं, यंदा वारुळावर आली का म्हणून. खाली माळ्याने रिंगण काढून टाकलं, पण बुरशी मातीत आहे म्हणजे परत येणार ना?

आणि गेटजवळच्या गुलमोहराच्या तुटक्या फांदीवर राखाडी, केसाळ, नखाएवढे पंखे आलेत. ते काय?

पारसिक_पावसाळी
येणार. जमिनीखालची जाळी तशीच आहे, पाऊस जमला की पुन्हा रिंगण दिसेल, बहुधा थोडं मोठं. दिसलं की काढायचं, दुसरा उपाय मला माहीत नाही.

पंख्यांचा खालून फोटो टाका. गिल्स लांबीत मधोमध चिरल्यासारख्या दिसल्या तर स्किझोफिलम, लाकडावर उगवणारी बुरशी. उघडीप पडल्यावर परत बघा, चिरलेल्या गिल्सच्या कडा वळलेल्या दिसतील.