अर्थव्यवस्थेची वाढ थांबवली तर आधी काय मोडतं? (‘उंटावरून’, ‘कोरडा हिशेब’ आणि ‘तळटीप’ या तीन टोपणनावांमधली चर्चा)

उंटावरून: हरित वाढवाले म्हणतात, जीडीपी वाढू दे, कार्बन उत्सर्जन तरीही घटवता येतं. डीग्रोथवाले, म्हणजे वाढ मुद्दाम थांबवा किंवा उलटी फिरवा म्हणणारे, म्हणतात, जीडीपी आणि उत्सर्जनाची ही फारकत पुरेशा वेगाने होत नाही. आकडे कोणाच्या बाजूने आहेत? आणि वाढ खरंच थांबवली तर पहिला तडा कुठे जातो?

कोरडा हिशेब: फारकत होते, घोडं अडतं वेगाशी. समजा उत्सर्जन वर्षाला ७ टक्के घटवायचंय आणि जीडीपी ३ टक्के वाढतोय. मग तेवढ्याच जीडीपीमागचं उत्सर्जन (०.९३ भागिले १.०३) वर्षाला ९.७ टक्के उतरायला हवं. जगाचा आजवरचा वेग २ टक्क्यांच्या आसपास. पण वाढ शून्यावर आणली तरी ७ टक्के उरतातच! डीग्रोथने ओझं थोडं हलकं होतं, इतकंच.

ब्रिटनचा दाखला जपून द्यावा. देशातलं उत्सर्जन १९९० च्या निम्म्यावर आलं, हे खरं. आयात मालामागचं धरलं की घट बरीच लहान दिसते. खनिजं, वाळू, लाकूड, पिकं यांचा जागतिक उपसा तर १९७० मध्ये सुमारे ३० अब्ज टन होता, आता १०० अब्जांवर गेलाय.

तळटीप: पहिला तडा कर्जाला. सरकारी कर्ज जीडीपीइतकं, व्याज ३ टक्के आणि महागाई धरूनही वाढ शून्य असेल, तर कर्जाचं प्रमाण नुसतं जागच्या जागी ठेवायला दरवर्षी जीडीपीच्या ३ टक्के शिल्लक काढावी लागते, तीही व्याज भरण्याआधी. वाढ ३ टक्के असती तर ती लागलीच नसती.

मग रोजगार. ताशी उत्पादकता २ टक्क्यांनी वाढत राहिली आणि उत्पादन स्थिर राहिलं, तर काम आटतं. वाटून घेतलं तर ४० तासांचा आठवडा १० वर्षांत सुमारे ३३ वर येतो. ताशी पगार उत्पादकतेइतका वाढला तर मिळकत तीच. नाही वाटलं तर १८ टक्के नोकऱ्या जातात.

उंटावरून: म्हणजे कोविडच्या २०२० सारखंच?

कोरडा हिशेब: छे, ती मंदी. उत्सर्जन ५ टक्क्यांच्या आसपास घटलं आणि २०२१ मध्ये जवळजवळ सगळं परत आलं. वीजकेंद्रं, भट्ट्या, गाड्या त्याच होत्या, फक्त थंडावल्या होत्या.

तळटीप: तुमचं ‘थोडं हलकं’ मात्र पटत नाही. ३ टक्क्यांनी २० वर्षांत जीडीपी १.८ पट होतो. नव्या सौर-पवन विजेतला मोठा हिस्सा वाढीव मागणीच गिळते. जुना कोळसा बंद करायला हाती राहते ती उरलीसुरली.