बेल्ट परीक्षेत एकदा अनुत्तीर्ण झालेल्या मुलीला पुन्हा बसवावे का?

प्रश्न : एक आई, पूर्व भाग, सोलापूर

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी नऊ वर्षांची असून दीड वर्षापासून ती अशोक चौकाजवळच्या एका वर्गात शोतोकान शैलीचे कराटे शिकते. आमच्या घरी तेलुगू बोलतात आणि तिची शाळा मराठी माध्यमाची आहे. बोलताना चूक होईल या धास्तीने ती शाळेत कधीच हात वर करत नसे, म्हणून मी तिला कराटेला घातले. पिवळा बेल्ट तिने सहज मिळवला. परंतु ऑक्टोबरमध्ये नारिंगी बेल्टच्या परीक्षेत ‘हेइआन शोदान’ हा काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम) करताना ती मध्येच थांबली आणि तिला अनुत्तीर्ण ठरवण्यात आले. इतर मुलांच्या कमरेला नवे बेल्ट बांधले जात असताना ती भिंतीला टेकून उभी होती.

आता गड्ड्याची (सिद्धेश्वराची) यात्रा संपली की पुढची परीक्षा आहे आणि ती म्हणते, “मला नाही जमणार.” सासूबाई म्हणतात, लेकराला कशाला छळता, यजमानांच्या मते हा सगळा शुल्क गोळा करण्याचा प्रकार आहे. ज्यासाठी तिला घातले तो आत्मविश्वास या परीक्षांमुळे खरोखर वाढतो, की आहे तोही जातो? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर 1 : कराटे प्रशिक्षक

ताई, आधी एक विचारतो : ती नेमकी कितव्या हालचालीला थांबली, हे आपण तिला विचारले आहे का? हेइआन शोदानमध्ये 21 हालचाली आहेत. नवव्या हालचालीला मूल चेहऱ्यावरचा वार अडवत मोठ्याने ‘किआई’ (जोरदार आरोळी) करते आणि दहाव्या हालचालीसाठी त्याला पाठीमागून पाऊण गिरकी घेऊन उजव्या बाजूला वळावे लागते. समोरचे परीक्षक एकदम दृष्टीआड होतात, डावे-उजवे कळेनासे होते आणि पाय जागीच थिजतात. मी परीक्षेत पाहिलेल्या मुलांपैकी बहुतेक जण अडतात ते याच जागी.

हे मुद्दाम लिहिले, कारण “मला नाही जमणार” हे वाक्य फार मोठे आणि धूसर असते, तर “नवव्यानंतरचा वळसा चुकतो” ही एका आठवड्यात दुरुस्त होणारी गोष्ट असते. परीक्षेत किहोन (मूलभूत तंत्रे), काता आणि कुमिते (जोडीदाराशी लढत) असे तिन्ही भाग पाहिले जातात, आणि चांगला परीक्षक अनुत्तीर्ण मुलाला नेमके काय राहिले ते स्वतः समजावून सांगतो. आपल्या मुलीला ते कोणी सांगितले नसेल, तर ती उणीव परीक्षा घेणाऱ्यांची आहे, तिची नाही.

उत्तर 2 : एक वडील, जुळे सोलापूर

मी दुसऱ्या टोकाचा अनुभव सांगतो. माझा मुलगा आधी ज्या वर्गात जात होता, तिथे दर तीन महिन्यांनी परीक्षा होत असे आणि जो शुल्क भरेल तो उत्तीर्ण होत असे. दोन वर्षांत तो हिरव्या बेल्टपर्यंत पोहोचला, आम्ही प्रमाणपत्रे चौकटीत लावली, नातेवाइकांना पेढे वाटले. नंतर घर बदलल्यामुळे वर्गही बदलावा लागला. नव्या प्रशिक्षकांनी त्याला पहिलाच काता करायला सांगितला, आणि तो त्याला पूर्ण करता आला नाही. त्या दिवशी घरी येऊन तो मला म्हणाला, “बाबा, मला माहीत होतं मला येत नाही.” इतके दिवस तो बेल्ट त्याला ओझे वाटत होता आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

त्याने स्वतःहून पुन्हा पांढरा बेल्ट बांधला. पुढे नारिंगी बेल्टच्या परीक्षेत तो एकदा अनुत्तीर्णही झाला, पण दुसऱ्या वेळी मिळालेला बेल्ट तो धुवायलासुद्धा देत नाही. म्हणून आपल्या यजमानांची शंका मी खोटी म्हणणार नाही. तसे वर्ग आहेत. मात्र आपल्या मुलीला अनुत्तीर्ण ठरवण्यात आले, यावरूनच तिचा वर्ग त्यातला नसावा, असे मला वाटते.

उत्तर 3 : मानसशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने 1977 मध्ये स्व-क्षमतेवरील विश्वासाची मांडणी केली. त्याने या विश्वासाचे चार स्रोत सांगितले : स्वतः एखादी गोष्ट पार पाडण्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला ती पार पाडताना पाहणे, इतरांनी दिलेला धीर आणि त्या वेळची शरीराची अवस्था. यांत पहिला स्रोत सर्वांत बळकट. बेल्ट परीक्षेत हे चारही एकाच सकाळी एकत्र येतात, त्यामुळे तिचा परिणाम दोन्ही बाजूंनी खोल होऊ शकतो. धडधडणारी छाती म्हणजे भीती नसून शरीराची तयारी आहे, एवढे जरी मुलीला आधी समजावले तरी फरक पडतो.

आणखी एक. म्युलर आणि ड्वेक यांच्या 1998 च्या प्रयोगांत, हुशारीचे कौतुक झालेली मुले पुढे अपयश येताच लवकर हात टेकत, तर मेहनतीचे कौतुक झालेली मुले टिकून राहत. पिवळा बेल्ट ‘सहज’ मिळाला तेव्हा घरात तिचे कौतुक कोणत्या शब्दांत झाले होते, ते आठवून पाहावे.

उत्तर 4 : तालमीतले एक आजोबा

आमच्या तालमीत बेल्ट नव्हते. यात्रेच्या आखाड्यात पाठ लागली की काय कच्चे आहे ते सगळ्या गावाला दिसे. रंगीत पट्ट्यांवाचून मुले धीट होत नाहीत, हे मला पटत नाही.

प्रशिक्षक (उत्तर 4 ला)

आजोबा, आपले म्हणणे मी आदराने मान्य करतो. बेल्टशिवायही मुले धीट होतात. पण कुस्तीत एक जिंकला की दुसरा हरतो, आणि स्वभावानेच बुजरे असलेले मूल अशा वेळी आखाड्याकडे फिरकतच नाही. बेल्ट परीक्षेत शेजारचा उत्तीर्ण झाला म्हणून आपले काही कमी होत नाही. जिगोरो कानो यांनी 1883 मध्ये ज्यूदोत दान (काळ्या बेल्टच्या) श्रेणी सुरू केल्या आणि गिचिन फुनाकोशी यांनी 1924 मध्ये त्या कराटेत आणल्या, तेव्हा त्या मोठ्यांसाठी होत्या. लहान टप्प्यांचे रंगीत बेल्ट युरोपातील ज्यूदो वर्गांत रुजले ते त्यानंतर. काळ्या बेल्टपर्यंतची अनेक वर्षे नऊ वर्षांच्या मुलाच्या नजरेत मावत नाहीत, दोन-चार महिन्यांनंतरची परीक्षा मावते.

मूळ प्रश्नकर्ती आई

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल संध्याकाळी गच्चीवर मी तिला फक्त एवढेच विचारले, की तू कुठे थांबतेस ते मला दाखव. ती खरोखरच नवव्या हालचालीनंतर थांबली. वर्गात जपानी अंक मोजतात. घरी ती हळू आवाजात तेलुगूत मोजत होती, आणि ‘तोम्मिदी’ म्हणून झाल्यावर ‘पदी’ म्हणेपर्यंत तिचा उजवा-डावा पाय गोंधळत होता. आम्ही तो एकच वळसा बारा-पंधरा वेळा केला. मलाही तिने करायला लावला आणि माझा पाय चुकला तेव्हा तिने तो हाताने धरून जागेवर ठेवला. परीक्षेला बसायचे की नाही, हे मी अजून विचारलेले नाही. शनिवारी वर्गात तो वळसा सेन्सेईंना (प्रशिक्षकांना) स्वतः विचारणार आहे, असे मात्र झोपण्यापूर्वी तिने मला सांगितले.