विषय: दादरच्या सभागृहात स्लॉट कारची ड्रॅग शर्यत

१/६४ मापाच्या स्लॉट कार, म्हणजे मार्गातील खाचेतून विजेवर धावणाऱ्या छोट्या गाड्या, घ्याव्यात आणि सर्वांत कमी वेळ नोंदवणारा विजेता ठरवावा, हा आपला प्रस्ताव वाचला. ड्रॅग शर्यत म्हणजे सरळ मार्गावर दोन गाड्यांची धाव, आणि तिचे रूढ अंतर पाव मैल, म्हणजे १,३२० फूट. या मापात ते सुमारे २०.६ फूट भरतात, त्यामुळे जागा पुरेल, मात्र अंतिम रेषेपलीकडे गाड्या थांबण्यासाठी आणखी मार्ग आणि शेवटी फोमची गादी हवी.

केवळ वेळेवर निकाल देण्यास मात्र माझी असहमती आहे. धावेचे घड्याळ गाडी सुरुवातीच्या रेषेवरील प्रकाशकिरण सोडून पुढे जाते तेव्हाच चालू होते, तर हिरवा दिवा लागल्यावर चालक जितका रेंगाळतो तो काळ वेगळा मोजला जातो. म्हणून कमी वेळेत धावलेली गाडीही रेषेवर मागे राहू शकते, आणि खरी गंमत (व भांडणेही) तिथेच असते.

दोन्ही मार्गिकांना स्वतंत्र वीजपुरवठा द्यावा, अन्यथा एका गाडीने सुटताना खेचलेल्या प्रवाहामुळे दुसरीचे व्होल्टेज पडते. मुंबईच्या दमट हवेत रूळ आणि पिकअप शू (रुळातून वीज घेणाऱ्या गाडीखालच्या पट्ट्या) लवकर मळतात, तेव्हा प्रत्येक फेरीपूर्वी ते कोरड्या फडक्याने पुसावेत.