71 च्या लढाईत अटॅचमेंटवर (तात्पुरता दुसऱ्या पलटणीबरोबर) होतो, रेकॉर्डमध्ये नोंदच नाही. ‘पूर्वी स्टार’ आणि ‘संग्राम मेडल’ ही त्या लढाईची पदकं मिळवायला काय करावं?

शक्तिमान_ड्रायव्हर (सातारा जिल्हा)

राम राम मंडळी. मी 1968 ला भरती झालो, 1985 ला नाईक हुद्द्यावर पेन्शन आलो. ट्रेड एमटी ड्रायव्हर, म्हणजे फौजेच्या गाड्या चालवायच्या. माझ्या कोअरचं आणि रेकॉर्ड ऑफिसचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही, कुणाची बदनामी करायची नाही. नातू टाइप करतोय, शब्द माझे आहेत.

नोव्हेंबर 71 मध्ये आमच्या युनिटातल्या काही गाड्या ड्रायव्हरांसकट पूर्वेकडे पाठवल्या. मूळ युनिट मध्य प्रदेशात शांत ठिकाणीच राहिलं. आम्हाला तुऱ्याला, म्हणजे आताच्या मेघालयात, एका इन्फंट्री (पायदळ) पलटणीबरोबर अटॅच केलं. लढाई सुरू झाल्यावर तुरा, महेंद्रगंज, कमालपूर, बक्षीगंज (शेवटची दोन आताच्या बांगलादेशात) असा रस्ता मी शक्तिमान ट्रकवर ॲम्युनिशन घेऊन केलाय. पाकिस्तान्यांची कमालपूरची चौकी 4 डिसेंबरला शरण आली आणि दुसऱ्याच दिवशी त्या पुढच्या रस्त्यावर आमच्या भागाचे कमांडर जनरल गिलसाहेबांची जीप सुरुंगावर गेली. साहेब गंभीर जखमी झाले. त्यानंतर आम्हाला हुकूम होता, पुढच्या गाडीच्या चाकोरीतच चाक ठेवायचं, वीतभरही बाहेर नाही. रात्री दिवे बंद. पुढच्या गाडीच्या मागच्या डिफरन्शियलला पांढरा रंग मारलेला असायचा, त्यावर एक बारीक बल्ब. तेवढं बघत स्टीअरिंग धरायचं. ब्रह्मपुत्रेच्या काठापर्यंत आम्ही असे गेलो. 11 तारखेला जामालपूर पडलं तेव्हा मी अलीकडच्या काठावर गाडीतच होतो.

आता माझं डिस्चार्ज बुक बघा. मेडलच्या पानावर सैन्य सेवा मेडल हिमालय क्लास्पसह (रिबनवरची पट्टी), पंचविसावं स्वातंत्र्य वर्धापन दिन मेडल, नऊ वर्षं सेवा मेडल. पूर्वी स्टार नाही, संग्राम नाही. कागदाप्रमाणे डिसेंबर 71 मध्ये मी मध्य प्रदेशातच होतो. नोकरीत असताना विचारलं तर “पुढच्या लॉटमध्ये येईल” असं सांगायचे. नंतर शेती, मुलींची लग्नं, यात राहून गेलं.

माझ्याकडे जुनं पे-बुक आहे आणि घरच्यांनी जपलेली त्या महिन्यातली दोन पत्रं आहेत, पत्ता 99 एपीओ (फौजी टपालाचा पत्ता). एवढ्यावर रेकॉर्ड दुरुस्त होईल का? अर्ज कुणाला करायचा?

बेळगावकर_71

काका, जय हिंद. कँटोन्मेंटच्या बाजारात दुकानात ही मेडलं सहज मिळतात, रिबनसकट पट्टीवर बसवून देतात. या वयात कशाला दगदग करून घेता?

शक्तिमान_ड्रायव्हर

बाळा, तू काळजीनेच लिहिलंस. पण सरकारी मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. दुकानातलं कोरं असतं. ते छातीवर लावून 16 डिसेंबरला मी गावच्या हुतात्मा स्तंभासमोर उभा राहणार नाही. आमच्याबरोबर गेलेला एक ड्रायव्हर परत आला नाही. त्याच्याही घरी कागद पोचला की नाही, मला माहीत नाही. मला कागद सरळ करून हवा आहे. या मेडलांना पैसा नसतो हे मला ठाऊक आहे.

रिटायर्ड_सुभेदार_क्लार्क

राम राम नाईकसाहेब. माझी सगळी नोकरी कागदांतच गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

गडबड कुठे झाली असेल ते आधी समजून घ्या. टेम्पररी अटॅचमेंटवर माणूस मूळ युनिटच्याच नफरीवर (हजेरीपटावर) राहतो. मेडलसाठी नॉमिनल रोल (नावांच्या याद्या) मागवले, तेव्हा पलटणीने आपल्या जवानांची नावं पाठवली असणार आणि मूळ युनिट लढाईच्या भागात नव्हतं म्हणून त्यांनी पाठवलीच नसणार. अटॅचमेंटची पार्ट टू ऑर्डर (नोंदीचा लेखी हुकूम) निघाली नसेल तर शीट रोलमध्ये (जवानाच्या नोकरीच्या नोंदीत) चढणार तरी काय? असे ड्रायव्हर, वायरलेसवाले, नर्सिंग असिस्टंट मी पुष्कळ पाहिलेत.

संग्राम मेडल 3 डिसेंबर 1971 ते 20 डिसेंबर 1972 या काळात ठरलेल्या राज्यांत ड्युटी केलेल्यांना आहे. त्यात आसाम, मेघालय, पश्चिम बंगाल आहेत, मध्य प्रदेश नाही. पूर्वी स्टार त्या लढाईच्या क्षेत्रातल्यांना. म्हणजे तुमची अटॅचमेंट एकदा सिद्ध झाली की दोन्ही मेडलं तिच्यामागे येतात. म्हणून अर्जात पहिली मागणी नोंद दुरुस्तीची, दुसरी मेडलची.

अर्जात “डुप्लिकेट” हा शब्द कुठेही येऊ देऊ नका, मेडल हरवलं असंही नको. हरवलेल्या मेडलची वाट वेगळी, तिथे पोलिसांचा दाखला मागतात. तुम्हाला ते मुळात मिळालेलंच नाही, तसंच लिहा.

आधी रेकॉर्ड ऑफिसकडे शीट रोलची नक्कल मागा. साध्या अर्जाने नाही दिली तर माहिती अधिकारात, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून. तुम्ही पेन्शनर आहात ही जमेची बाजू. बिगर पेन्शनवाल्यांचे कागद 25 वर्षांनी नष्ट करतात, मग फक्त लाँग रोल (थोडक्या नोंदीचं रजिस्टर) उरतो.

आता पे-बुक उघडा. डिसेंबर 71 मध्ये ॲडव्हान्स घेतला असेल तर त्या ओळीसमोर सही आणि शिक्का कुणाचा आहे? मूळ युनिटचा नसेल तर तोच तुमचा सगळ्यात वजनदार पुरावा.

सैनिककन्या_पुणे

आजोबा, पत्रांबद्दल सांगते. मी फौजी टपालाचे शिक्के जमवते. 99 एपीओ हा पूर्वेकडच्या सगळ्यांचाच पत्ता होता, त्यावरून पलटण कळत नाही. तिकिटाच्या जागेजवळचा गोल शिक्का बघा, त्यात एफपीओ (फील्ड पोस्ट ऑफिस) आणि पुढे नंबर असतो, मध्ये तारीख. तो नंबर कुठल्या ब्रिगेडबरोबर होता हे शोधता येतं. मध्य प्रदेशात बसलेल्या माणसाच्या पत्रावर तो शिक्का येणं शक्य नाही. कृपा करून पत्रं लॅमिनेट करू नका, इस्त्री फिरवू नका. दोन्ही बाजूंचे फोटो उन्हात न धरता दिवसाच्या उजेडात काढा. मूळ पत्र अर्जाबरोबर अजिबात पाठवू नका.

वकील_एएफटी

सुभेदारसाहेबांनी लिहिलेलं बरोबर आहे. माझी भर एवढीच की थेट ट्रिब्युनलला येऊ नका. आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलचा कायदा 2007 चा, आपल्याला मुंबईचं खंडपीठ आहे. पण आधी लेखी अर्ज आणि त्याचा नकार हवा. सहा महिन्यांत उत्तरच आलं नाही तरी दाद मागता येते. त्यापुढे मुदत सहा महिन्यांची, म्हणून पोचपावतीची तारीख जपा. इतक्या वर्षांच्या उशिराचं कारण वेगळ्या अर्जात खरं तेच लिहायचं. वकील नसला तरी स्वतः उभं राहता येतं.

शक्तिमान_ड्रायव्हर

सगळ्यांचे उपकार आहेत. काल नातवाने भिंग आणलं. पे-बुकात 14 डिसेंबरची चाळीस रुपयांची ओळ सापडली. शिक्का जांभळा, अर्धा पुसलेला, पण “मराठा लाइट” एवढं स्पष्ट वाचता येतं, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्री. माझं मूळ युनिट इन्फंट्रीचं नव्हतंच. एका पत्रावर एफपीओचा नंबरही दिसतोय, मुली, तुला मेसेजमध्ये फोटो पाठवलाय.

सुभेदारसाहेब, तुमच्या सांगण्याप्रमाणे अर्ज दोन मागण्यांचा केलाय. सोमवारी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नेऊन त्यांच्या पत्रासह पुढे पाठवतो, एक प्रत रजिस्टर पोस्टाने रेकॉर्ड ऑफिसला स्वतः टाकतो.

डिसेंबर 71 मध्ये महेंद्रगंज ते बक्षीगंज रस्त्यावर कॉन्वॉयमध्ये असलेलं कुणी हे वाचत असेल, किंवा तुमचे वडील तिथे असतील, तर इथे लिहा. साक्षीचं प्रतिज्ञापत्र मला हवं आहे, आणि तुमची नोंद राहिली असेल तर मी तुमच्यासाठी देईन.