रब्बी ज्वारीआधी ताग: शेतकऱ्यांना कसे पटवावे?

प्रश्न (मंगळवेढा): आमच्या काळ्या रानात मालदांडी (रब्बी ज्वारीचा वाण) पेरण्यापूर्वी खरिपात जमीन मोकळी राहते आणि मोठ्या पावसात माती वाहून जाते, गटातील शेतकऱ्यांना तागाचे आच्छादन पीक घेण्यास कसे राजी करावे?

उत्तर (मोहोळ): दादा, ज्वारीला ओल उरणार नाही ही शेतकऱ्यांची भीती रास्त आहे, कारण तागही ओल पितो. म्हणून जूनमध्ये पेरलेला ताग फुलोऱ्याच्या सुमारास, साधारण ४५ दिवसांनी नांगरून मातीत गाडावा, म्हणजे सप्टेंबरच्या पावसाची ओल ज्वारीसाठी राहते.

उत्तर (बार्शी): सभेपेक्षा रान दाखवा. मी अर्ध्या एकरात ताग गाडला, अर्धा मोकळा ठेवला. गाडलेल्या भागातले ढेकूळ मुठीत सहज फुटले, तेव्हा शेजाऱ्यांनी स्वतःहून बियाणे मागितले.

उत्तर (मोहोळ): ज्यांना खरिपाचे उत्पन्न सोडवत नाही, त्यांनी मूग घ्यावा, शेंगा तोडून उरलेला पाला गाडता येतो.