जँगो: डीबग बंद केल्यावर सीएसएस, जेएस आणि फाँट उशिरा येतात

प्रश्न (लातूर)

लातूर आणि उदगीरच्या मोंढ्यांतील काही आडत दुकानांसाठी शेतकऱ्यांची हिशोबपट्टी काढणारे एक वेब अ‍ॅप मी जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये तयार केले आहे. ते उबुंटूच्या सर्व्हरवर एनजिनएक्स (समोरचा वेब सर्व्हर) आणि गनिकॉर्न (मागे जँगोचा कोड चालवणारा सर्व्हर) यांच्यामार्फत चालते. डीबग (चुका शोधण्यासाठीची सेटिंग) बंद केल्यावर स्टॅटिक फाईल (रचनेची सीएसएस, स्क्रिप्टची जेएस, फाँट) मिळेनाशा झाल्या, म्हणून यूआरएलच्या यादीत फाईल पाठवणारा जँगोचाच ‘सर्व्ह’ व्ह्यू जोडला आणि पाने पुन्हा नीट दिसू लागली. परंतु सौदे आटोपून सगळी दुकाने एकदम पट्ट्या काढू लागली, की आकडे आधी येतात, रचना विस्कटलेली दिसते आणि मराठी अक्षरे त्यानंतर उमटतात. डेटाबेसच्या क्वेरी तपासल्या आहेत. तेथे विलंब नाही. सर्व्हरची रॅम वाढवावी की सीडीएन (फाईल जवळच्या सर्व्हरवरून देणारी सेवा) घ्यावे?

उत्तर १ (नांदेड)

यांपैकी कशावरही आताच खर्च करू नका. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये एखाद्या सीएसएस फाईलचा वेळ उलगडून पाहा. सर्व्हरच्या प्रतिसादाची वाट पाहण्यात वेळ जात असेल तर अडचण सर्व्हरवर आहे. प्रत्यक्ष डाउनलोडमध्ये जात असेल तर फाईलचा आकार किंवा नेटवर्क तपासावे लागेल. गर्दीच्या वेळीच त्रास होतो असे आपण लिहिले आहे, त्यावरून मला पहिली शक्यता अधिक वाटते.

‘सर्व्ह’ व्ह्यू प्रत्यक्ष वापरातील सर्व्हरसाठी नाही, असे जँगोच्या दस्तऐवजात स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे प्रत्येक चित्र आणि प्रत्येक स्क्रिप्ट गनिकॉर्नमधून, सगळे मिडलवेअर (प्रत्येक विनंतीवर चालणारे मधले टप्पे) ओलांडून जाते. वेगळे काही सांगितले नसेल तर गनिकॉर्न एकच सिंक वर्कर (एका वेळी एकच विनंती हाताळणारी प्रक्रिया) चालवतो, म्हणजे मोंढ्यातील सगळ्या गाड्या एकाच वजनकाट्यावर रांगेत उभ्या राहतात. पान रीलोड केल्यावर ३०४ (फाईल बदललेली नाही) उत्तर आले, तरी ती विनंतीही त्याच रांगेतून गेलेली असते.

‘स्टॅटिक रूट’ (सगळ्या स्टॅटिक फाईलचे फोल्डर) ठरवून त्यात फाईल गोळा करणारी ‘कलेक्टस्टॅटिक’ आज्ञा चालवा आणि एनजिनएक्समध्ये स्टॅटिकच्या लोकेशनला (त्या पत्त्यासाठीच्या नियमांच्या भागाला) ‘एलियस’ने ते फोल्डर द्या. लोकेशन आणि एलियस या दोन्हींच्या शेवटी तिरकी रेघ ठेवा. फोल्डर होममध्ये ठेवू नका, कारण उबुंटू २१.०४ पासून नव्या होम फोल्डरची परवानगी ७५० (इतरांना प्रवेश नाही) असते आणि एनजिनएक्स ४०३ (प्रवेश नाकारला) देतो.

उत्तर २ (छत्रपती संभाजीनगर)

वरील उत्तराशी सहमत आहे. मात्र तेवढ्याने गावाकडील मोबाइल नेटवर्कवरचा विलंब पूर्ण जाणार नाही. उबुंटूच्या मूळ एनजिनएक्स कॉन्फिगमध्ये जीझिप (फाईल आक्रसून पाठवण्याची सोय) चालू असते, पण ‘जीझिप टाइप्स’ची, म्हणजे ती कोणत्या प्रकारच्या फाईलना लावायची याची, ओळ कॉमेंट करून बंद ठेवलेली असते. परिणामी एचटीएमएल तेवढे आक्रसून जाते आणि सीएसएस व जेएस पूर्ण आकारात जातात. ती ओळ उघडावी. वॉफ-२ फाँट मात्र त्यात घालू नये, तो आधीच ब्रॉटली या पद्धतीने आक्रसलेला असतो.

अक्षरे मागाहून उमटतात ते फाँटमुळे. देवनागरीत जोडाक्षरांचे ग्लिफ (अक्षराकार) पुष्कळ असल्याने टीटीएफ या न आक्रसलेल्या प्रकारची फाँट फाईल जड होते. वॉफ-२ वापरा, एक-दोनच वजने (अक्षरांच्या जाडीचे प्रकार) ठेवा आणि ‘फाँट डिस्प्ले’ला ‘स्वॅप’ द्या. म्हणजे फाँट येईपर्यंत फोनमधील मराठी अक्षरांत पट्टी वाचता येईल.

शेवटी ‘मॅनिफेस्ट स्टॅटिक फाईल्स स्टोरेज’ लावा. फाईलच्या नावात मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेली खूण) येतो, त्यामुळे कॅशची (ब्राउझरने फाईल साठवून ठेवण्याची) मुदत ३१५३६००० सेकंद, म्हणजे एक वर्ष, ठेवली तरी बदललेली फाईल नव्या नावाने जाते. जँगो ५.१ पासून ही सेटिंग ‘स्टोरेजेस’मध्येच लिहावी लागते, जुन्या लेखांतील ‘स्टॅटिकफाईल्स स्टोरेज’ तेथे चालत नाही.

प्रश्नकर्ता (लातूर)

दोघांचेही आभार. नेटवर्क टॅबमध्ये बहुतेक वेळ खरोखरच प्रतिसादाची वाट पाहण्यात जात होता. एलियस दिल्यावर गर्दीतही रचना लगेच येते. फाँट अद्याप टीटीएफ आहे, तो बदलतो. एक शंका उरते: स्टॅटिकच्या लोकेशनमध्ये कॅशचा हेडर (उत्तरासोबत ब्राउझरला जाणारी सूचना) जोडल्यापासून सर्व्हर ब्लॉकमधील सुरक्षेचे हेडर तेथे दिसत नाहीत.

उत्तर १ (नांदेड)

एनजिनएक्सची पद्धतच तशी आहे. लोकेशनमध्ये एक जरी ‘अ‍ॅड हेडर’ लिहिला, तरी वरच्या पातळीवरचे हेडर तेथे लागू होत नाहीत. जे हवे आहेत ते त्या लोकेशनमध्ये पुन्हा लिहा.